गमते का तुले तिकडं?

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या मुलीला अकोल्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि कुर्ल्याच्या आमच्या घरातून ती पहिल्यांदाच इतक्या दिवसांसाठी बाहेर पडली. तिला वसतिगृहात सोडून आम्ही परत आलो, त्यानंतर तिसऱ्या रात्री साडेअकराच्या सुमारास तिचा फोन आला. ती रडत नव्हती. एवढेच म्हणाली, “बाबा, इथे रात्री काहीच ऐकू येत नाही.” आमची इमारत रेल्वेमार्गाला लागून आहे. शेवटची लोकल गेल्यापासून पहिली लोकल येईपर्यंत जेमतेम तीन तास काय ती शांतता, आणि त्या तीन तासांतही मालगाड्या जातात, रुळांचे काम करणाऱ्या माणसांचे आवाज येतात. 18 वर्षे ती या आवाजात झोपली होती. मला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही, कारण 1996 साली मी माझ्या वडिलांना पत्रातून नेमकी याच्या उलट तक्रार कळवली होती की येथे रात्रभर गाड्या चालू असतात, त्यामुळे झोप लागत नाही.

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून बारावीनंतर मुंबईत शिकायला आलो, पुढे येथेच नोकरीला लागलो, एका महाविद्यालयात शिकवू लागलो आणि त्यातली सहा वर्षे मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो. घर सोडून आलेला मुलगा, अशा मुलांवर देखरेख करणारा माणूस आणि आता घर सोडून गेलेल्या मुलीचा बाप, अशा तिन्ही नात्यांनी मी या गोष्टीकडे पाहिले आहे. या तिन्ही वेळा मला जे उमगले ते साधारण एकच होते. घराची ओढ कोणाच्या सांगण्याने जात नाही आणि ती घालवून टाकण्याची गरजही नसते. मात्र तिला वेळ नेमून द्यावी लागते. ती नेमली नाही तर ओढ सगळा दिवस व्यापून टाकते, आणि मग अभ्यास, जेवण, झोप, मैत्री यांपैकी कशालाच जागा उरत नाही.

आपल्या भाषेत या अवस्थेला भारदस्त नाव नाही, क्रियापद आहे. मुंबई-पुण्याकडे ‘करमत नाही’ म्हणतात, आमच्या वऱ्हाडात ‘गमत नाही’ म्हणतात. या दोन्ही क्रियापदांतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ‘मी करमत नाही’ असे कोणी म्हणत नाही, ‘मला करमत नाही’ असेच म्हणतात. भूक लागते, झोप येते, थंडी वाजते, तसे करमणेही माणसाला होते किंवा होत नाही; ते तो स्वतः करत नसतो. वसतिगृहातल्या नव्या मुलाला ‘मन घट्ट कर, एवढा मोठा झालास’ असे सांगणारी मोठी माणसे नेमके हे विसरतात. थंडी वाजणाऱ्याला आपण थंडी वाजवून घेऊ नकोस असे सांगत नाही, त्याला पांघरूण देतो.

1996 च्या ऑगस्टमध्ये मी विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईत उतरलो. त्याच वर्षी व्हीटीचे नाव छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले होते, पण हमालापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे व्हीटीच म्हणत होते. माटुंग्याच्या वसतिगृहात तीन खाटांची खोली मिळाली. आईची, वडिलांची, धाकट्या भावाची आठवण येईल याची मी मनाची तयारी केली होती. ती आली आणि सोसलीही. ज्याची तयारी केली नव्हती त्याने मला खचवले. आमचे गाव पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येते, तेथल्या विहिरींचे पाणी मचूळ असते आणि बाहेरच्या पाहुण्याला ते पिववत नाही. मुंबईचे तलावाचे गोड पाणी मला कित्येक दिवस पाणीच वाटले नाही. दोन पेले प्यायलो तरी तहान तशीच राही. दर्यापूरवरून शकुंतला नावाची नॅरोगेज गाडी जात असे, तिची शिटी आमच्या शिवारात ऐकू येई आणि त्यावर शेतातली माणसे जेवायला बसत. माटुंग्याला दर दोन मिनिटांनी गाडी जात होती, पण एकाही गाडीवरून काही ठरवता येत नव्हते. आणि सर्वांत नवल म्हणजे, संध्याकाळी वडील रेडिओच्या नागपूर केंद्रावर बाजारभाव ऐकत, ते ऐकावेसे मला गावी असताना कधीही वाटले नव्हते; त्या बाजारभावांवाचून माझी संध्याकाळ संपेनाशी झाली.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे, कारण पुढे रेक्टर म्हणून शेकडो मुले पाहिल्यावर माझी खात्री झाली की माणसाला घरातल्या मोठ्या गोष्टींपेक्षा या नकळत अंगवळणी पडलेल्या लहान गोष्टी अधिक छळतात. मोठ्या गोष्टींविषयी बोलता येते. बाजारभावांसाठी रडू येते हे कोणाला सांगायचे?

गावात तेव्हा फोन एकच होता, तोही सरपंचांच्या घरी. रात्री उशिरा एसटीडीचे दर उतरत, म्हणून आम्ही मुले जेवण झाल्यावर बूथपुढे रांग लावत असू. आधी फोन करून आईला बोलावून आणायला सांगायचे, मग दहा मिनिटांनी पुन्हा करायचा. आई फोनवर येई आणि धापा टाकतच विचारी, “गमते का रे तुले तिकडं?” माझ्या मागे सात-आठ मुले उभी असत, समोर मीटरचे लाल आकडे पळत असत, आणि मी सांगत असे, “गमते.” दर वेळी हेच उत्तर. खरे सांगितले तर आई रात्रभर जागी राहील हे मला ठाऊक होते.

न गमणाऱ्याने जे करू नये तेच मी करत होतो. आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी मी व्हीटीला जाऊन विदर्भ एक्स्प्रेसच्या फलाटावर उभा राहत असे. गाडी सुटण्याच्या आधी अर्धा तास तेथे वऱ्हाडी बोलणे ऐकू येई. कोणी डब्यातून ओरडून पाण्याची बाटली मागत असे, कोणी नातवाला ‘इकडं ये ना बाप्पा’ म्हणत असे. बडनेरा हे नाव डब्यावरच्या पाटीवर वाचले तरी बरे वाटे. मग गाडी सुटे, आणि माटुंग्याला परत जाताना माझी अवस्था आलो होतो त्याहून वाईट झालेली असे. सहाशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या घराला मी दर दोन दिवसांनी नव्याने सोडत होतो. सप्टेंबरात पहिली चाचणी झाली, तिच्यात दोन विषयांत नापास झालो.

खोलीतला माझा एक सोबती देवगड तालुक्यातला होता. त्याने मला समजावले वगैरे काही नाही. एका रविवारी तो मला लालबागला त्याच्या काकांकडे घेऊन गेला. काका गिरणी कामगार होते. 1982 च्या संपानंतर त्यांची गिरणी पुन्हा नीट उभी राहिली नाही आणि ते एका कारखान्यात रखवालदारी करत होते. ते राहत होते ती त्यांच्या गावाची खोली होती. मुंबईच्या गिरणगावात अशा खोल्या फार होत्या, आजही थोड्या उरल्या आहेत. दारावर ग्रामस्थ मंडळाची पाटी, भिंतीवर ग्रामदैवताची तसबीर, तिच्याखाली एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या ट्रंका आणि प्रत्येकाच्या नावाची एक खुंटी. एकेकाळी त्या एवढ्याशा जागेत तीस-चाळीस माणसे राहत, असे काका सांगत. गिरणी तीन पाळ्यांत चाले, त्यामुळे एक पाळी झोपलेली असताना दुसरी कामावर असे आणि वळकट्यांना उसंत नसे. जेवण खानावळीत, बाईंनी चालवलेल्या. महिन्याची वर्गणी ठरलेली, आणि तिच्यातून गावच्या देवळाचे, शाळेचे काम होई.

त्या माणसांपैकी बहुतेकांची बायकामुले गावी होती आणि त्यांनी तीस-तीस वर्षे अशी काढली होती. मी 18 वर्षांचा, दीड महिन्यापूर्वी आलेला. काकांनी मला गाव विचारले, जेवायला वाढले आणि मी पाणी पीत नाही हे पाहून विचारले की घरचे पाणी आठवते का. मला तेथे सर्वांदेखत रडू आले. ते म्हणाले, “आठवण येतली रे. येवंदे.” मग त्यांनी त्यांच्या खोलीची रीत सांगितली. रविवारी जेवणानंतर जो तो घरी पत्र लिहायला बसे, ज्याला लिहिता येत नसे त्याचे दुसरा लिहून देई. पगाराच्या दुसऱ्या दिवशी मनीऑर्डर. गणपतीला आणि शिमग्याला गावी जायचे, त्याची रजा वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलेली. बाकीचे दिवस गिरणीचे. मधल्या दिवसांत कोणी गावाच्या आठवणीने उदास होऊन बसला तर त्याची कोणी थट्टा करत नसे, पण ‘हे रविवारी पत्रात लिही’ असे म्हणत आणि त्याला पत्ते खेळायला बसवत.

मी व्हीटीला जाणे त्या दिवसापासून सोडले असे म्हणणार नाही, दोनदा गेलो. मात्र रविवारी पत्र लिहू लागलो. आठवडाभर जे जे दाटून येई ते वहीच्या मागच्या पानावर एका शब्दात टिपून ठेवायचे आणि रविवारी लिहायचे. रविवार येईपर्यंत त्यातले अर्धे शब्द कशासाठी लिहिले होते तेही आठवत नसे.

वडिलांची उत्तरे पोस्टकार्डावर येत. ते सातवी शिकलेले होते आणि पत्रात नेहमी प्रमाण मराठी लिहीत. करमते की नाही हे त्यांनी एकदाही विचारले नाही. एका कार्डाच्या शेवटी त्यांनी लिहिले होते, “तेथे जेवताना सोबतीला कोण असते ते कळवावे.” त्या वेळी सोबतीला कोणीच नसे. मेसमधून ताट घेऊन मी खोलीत यायचो आणि दाराकडे पाठ करून जेवायचो. वडिलांना खोटे लिहिणे जमेना, फोनवर बोलणे वेगळे आणि पत्रात लिहिणे वेगळे. म्हणून उत्तर लिहिता यावे एवढ्याचसाठी मी मेसमध्ये बसून जेवू लागलो. पहिल्या आठवड्यात समोर बसणाऱ्या तिघांची नावे कळवली. पुढे त्यांची गावे कळवली. दिवाळीला घरी गेलो तेव्हा वडील त्या तिघांची नावानिशी चौकशी करत होते.

1688 साली स्वित्झर्लंडमधल्या बासल येथे योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात या दुखण्याला पहिल्यांदा वैद्यकीय नाव दिले. घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला. आज त्याचा अर्थ बराच सौम्य झाला आहे, पण होफरच्या दृष्टीने तो एक आजार होता. त्याने दिलेल्या उदाहरणांत बर्नहून बासलला शिकायला आलेला एक तरुण आहे. तो तापाने आणि खिन्नतेने इतका खंगला की त्याची आशा सोडलेली होती. शेवटचा उपाय म्हणून त्याला घरी न्यायला निघाले, आणि बर्न येण्याच्या आधी वाटेतच तो बरा होऊ लागला. हे मी प्रथम वाचले तेव्हा मला लालबागच्या खोलीतली, वर्षाच्या सुरुवातीलाच ठरणारी रजा आठवली. त्या तरुणाला अजून घर दिसलेही नव्हते. आपण कधी पोहोचणार हे त्याला कळले होते, तेवढ्यानेच त्याला श्वास घेता आला.

रेक्टर असताना मी पाहिले की पुण्या-नाशकाकडची मुले शुक्रवारी दुपारीच बॅग भरून तयार असतात. पालकांना वाटते, जवळ आहे तर येऊ दे, मुलाला बरे वाटेल. त्या मुलांच्या खोल्या मात्र जानेवारीपर्यंत धर्मशाळेसारख्या राहत; गादीवर चादर नाही, भिंतीवर वेळापत्रक नाही, शनिवार-रविवारी होणाऱ्या मैत्र्या त्यांच्या वाट्याला येतच नाहीत. गडचिरोलीचा, नांदेडचा मुलगा पहिला महिना अधिक रडतो, पण त्याला दुसरा इलाज नसल्यामुळे ऑक्टोबरात तो खोलीत खिळा ठोकून दोरी बांधतो. दोरीवर कपडे वाळत घातले की मी समजत असे, हा आता राहणार. पालकांना मी सांगत असे की पहिल्या दोन महिन्यांत एकदाच घरी बोलवा, पण त्याची तारीख आजच सांगून ठेवा. काहींना हे फार कठोर वाटे. आणखी एक गोष्ट पालकांना ठाऊक नसते. सर्वांना पहिल्या आठवड्याची काळजी असते, पण माझ्या पाहण्यात सर्वांत अवघड दिवस दिवाळीच्या सुट्टीनंतरचे असत, कारण तेव्हा नवेपणाही उरलेला नसतो आणि पुढची सुट्टीही दिसत नसते.

‘करमत नाही’ या शब्दांमागे पुष्कळदा दुसरेच काही लपलेले असते, हेही तेथेच शिकलो. सातपुड्याच्या पायथ्याकडचा एक मुलगा महिन्याभरात तिसऱ्यांदा घरी जाण्याची परवानगी मागायला आला. दर वेळी कारण एकच, करमत नाही. मी त्याच्या खोलीत जाऊन बसलो तेव्हा त्याने लाजत वही दाखवली; तारखा घातलेल्या होत्या आणि पाने कोरी होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी कशीबशी, आणि येथे सगळी व्याख्याने इंग्रजीत. त्याला घराची ओढ होतीच, पण त्याहून मोठी होती ती वर्गात बसण्याची धास्ती, आणि ती सांगण्यापेक्षा ‘करमत नाही’ म्हणणे त्याला सोपे वाटत होते. त्याच भागातल्या तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाला मी विनंती केली आणि ते दोघे रोज रात्री 9 ते 10 एकत्र वाचू लागले. तो टिकला. दुसरा एक मुलगा नाही टिकला. त्याच्या मनात मुंबईला यायचेच नव्हते, वडिलांनी पाठवले म्हणून तो आला होता. या विषयाचे अभ्यासकही सांगतात की घर सोडण्याच्या निर्णयात ज्याचे मत विचारले गेले नाही त्याला घराची ओढ अधिक सतावते. पहिल्या सत्रानंतर तो परत गेला, गावाजवळच्या महाविद्यालयात शिकला आणि उत्तम शिकला. त्याच्या वडिलांनी मान खाली घालून माझी क्षमा मागितली, ते मला आजही बोचते. क्षमा मागण्यासारखे त्यात काहीच नव्हते.

एक गोष्ट मात्र कोणीही अंगावर काढू नये. आठवणीने डोळे भरून येणे, आठ-पंधरा दिवस जेवण कमी होणे, हे चालायचेच. पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, मूल मेसमध्ये दिसत नाही, अंघोळ टाळते, फोन घेत नाही किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा बोलते, तेव्हा ती घराची ओढ म्हणून सोडून देऊ नये. महाविद्यालयाच्या समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याला सोबत घेऊन जावे. केंद्र सरकारने 2022 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक निःशुल्क आहे, दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. वसतिगृहाच्या सूचनाफलकावर मी तो मोठ्या अक्षरांत लावून ठेवला होता.

एवढे सगळे पाहून झाले होते, तरी लेकीचा तो रात्रीचा फोन आल्यावर माझा पहिला विचार असा होता की सकाळची गाडी पकडावी आणि तिला घेऊन यावे. पहिल्या आठवड्यात ती दिवसातून पाच-सहा वेळा व्हिडिओ कॉल करत होती. शवविच्छेदन कक्षात पहिल्यांदा गेल्यावर फॉर्मलिनचा वास तिच्या नाकातून जाईना, मेसमध्ये घास उतरेना, आणि प्रत्येक वेळी तिला स्वयंपाकघरात उभी असलेली आई पाहायची असे. तिची आईही हातातले काम टाकून फोनसमोर बसे. रात्री झोपण्याआधीचा फोन सर्वांत लांब चाले आणि तो ठेवल्यावर दोन्हीकडे कोणालाच झोप लागत नसे. माझ्या वेळी मीटरचे लाल आकडे निर्दय वाटत. आता वाटते, त्यांनीही थोडे सांभाळले होते.

आम्ही तिघांनी मिळून ठरवले की फोन संध्याकाळी साडेसातला करायचा. ओढ रिकाम्या वेळी, विशेषतः अंथरुणाला पाठ टेकल्यावर आणि सकाळी डोळे उघडताना अधिक जोर करते, म्हणून झोपण्याच्या तोंडावर घर दाखवायचे नाही. फोननंतर तिला जेवायला, मैत्रिणींत जायचे असेल अशा वेळी बोलायचे. मधे काही आठवले तर लिहून ठेवायचे. अडचण असेल, बरे नसेल, भीती वाटली तर मध्यरात्रीही करायचा, त्याला नेम नाही. आणि मी घरात सांगितले की ‘करमतंय का’ असे रोज विचारायचे नाही. रोज विचारले की मुलीला रोज आपल्या मनाची परीक्षा घ्यावी लागते, आणि खरे उत्तर दिले तर आम्ही हळहळणार हे तिला ठाऊक असते. त्याऐवजी मी तिला माझ्या वडिलांचा प्रश्न विचारू लागलो. पहिल्या दिवशी ती थोडी चिडूनच म्हणाली, “एकटीच जेवले, बाबा.” चौथ्या दिवशी लातूरच्या एका मुलीचे नाव आले. झोपेसाठी तिने स्वतःच एक उपाय शोधला. आमच्या खिडकीतून तिने कधीतरी पावसाचे चित्रण केले होते, त्यात जाणाऱ्या लोकलचा आवाज आहे. तो बारीक आवाजात लावून ती झोपू लागली. पंधरा-वीस दिवसांनी त्याची गरज राहिली नाही.

माझी आई गावी धाकट्या भावाकडे असते. नातीला करमत नाही हे तिला कळल्यावर ती मला फोनवर म्हणाली की मी पंधराव्या वर्षी लग्न होऊन या घरी आले, मला रडतानाही घुंगट सावरावा लागे. तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. तेव्हा कोणी विचारत नसे, पण मुऱ्हाळी येई, असे ती म्हणाली. सासरी गेलेल्या मुलीला माहेरी न्यायला येणारा माणूस म्हणजे मुऱ्हाळी. बहुधा भाऊ, नाहीतर काका. तो पंचमीला येणार, दिवाळीला येणार, हे ठरलेले असे. आई म्हणाली की नवी सून असताना ती चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढून पंचमीपर्यंतचे दिवस मोजत असे. लाखो मुली पिढ्यान्‌पिढ्या घर सोडून गेल्या, त्यांची संमती कोणी घेतली नाही, आणि त्यांच्या वाट्याला आलेल्या या दुःखावर आपल्या समाजाने केलेली सोय म्हणजे ती ठरलेली तारीख आणि तो मुऱ्हाळी. फार अपुरी सोय, पण ज्याने कोणी ती योजली त्याला माणसाचे मन कळत होते.

अकोल्याहून आमचे गाव एस.टी.ने दीड तासावर आहे. आईने माझ्या भावाला सांगितले की कोजागिरीच्या आधीच्या रविवारी पोरीला घेऊन ये, भुलाबाई बसली आहे. मुंबईकडचा भोंडला वेगळा आणि आमच्या विदर्भातली भुलाबाई वेगळी. मातीची भुलाबाई आणि भुलोजी मांडून मुली महिनाभर संध्याकाळी गाणी म्हणतात, आणि त्यांतली कितीतरी गाणी माहेर-सासरची असतात. तारीख आधीच कळवली होती. ते आठ दिवस मुलीच्या आवाजात फरक होता; तिने लातूरच्या मैत्रिणीलाही बरोबर न्यायचे ठरवले.

त्या रविवारी साडेसातला फोन गावाहून आला. मागे टिपऱ्या आणि पोरींची गाणी ऐकू येत होती. मुलगी म्हणाली की विहिरीचे पाणी प्यायले, कसेतरीच लागते, तुम्ही हे कसे पीत होतात. मग तिने आजीकडे फोन दिला. आई थोडा वेळ काही बोलली नाही. घरात आमच्या जेवणाच्या टेबलावर त्या दिवशीही सवयीने तीन ताटे मांडली गेली होती आणि तिसरे उचलून ठेवायला कोणी उठले नव्हते. ते तिला दिसत नव्हते.

तिने विचारले, “तुले गमते का रे तिकडं, पोरीबिना?”

व्हीटीपासून आजपर्यंत या प्रश्नाला मी एकच उत्तर देत आलो होतो.

“नाही गमत, आई,” मी म्हणालो.

“मंग दिवाळीले ये,” ती म्हणाली, “दोघंही या.”